भिंती राहिल्या, नाव गेलं

पुण्यात अप्पा बळवंत चौकात 'प्रभात' होतं. 'होतं' म्हणायचं की 'आहे', यावरूनच या लेखातल्या दोघांचं पहिलं वाजतं. २१ सप्टेंबर १९३४ रोजी सुरू झालेलं हे चित्रपटगृह डिसेंबर २०१४मध्ये बंद झालं. जागा भाड्याची होती. ती मूळ मालकांकडे, म्हणजे इंदूरच्या सरदार किबे यांच्या घराण्याकडे परत गेली. पुढे त्याच वास्तूत 'किबे लक्ष्मी' या नावानं खेळ पुन्हा सुरू झाले. म्हणजे थिएटर पडलं नाही, जळलं नाही, तिथं मॉलही उभा राहिला नाही. तरी पुण्यातली कितीतरी माणसं आजही 'प्रभात गेलं' असंच म्हणतात.

या म्हणण्यात तथ्य किती आणि उमाळा किती, हे पाहण्यासाठी दोन पात्रं कल्पिली आहेत. मामा पेठेतल्या एका थिएटरात ऑपरेटर होते, आता निवृत्त आहेत. भाची सीए आहे, सिनेमा दाखवणाऱ्यांचे हिशेब तपासते. पात्रं कल्पित असली तरी वाद खरा आहे.

भाची : मामा, मला आधी एक सांग. इमारत तीच, चौक तोच, आत सिनेमाच दाखवतात. मग गेलं काय? पाटी बदलली, एवढंच ना?

मामा : पाटीच बदलली, पण कुणाची? प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि भांडवलाला सीतारामपंत कुलकर्णी. १९३२ला त्यांनी 'अयोध्येचा राजा' काढला, मराठीतला पहिला बोलपट. १९३३ला कंपनी पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी अप्पा बळवंत चौकात थिएटर सुरू झालं. सिनेमा गावाबाहेरच्या स्टुडिओत तयार व्हायचा आणि गावाच्या मध्यात लोकांपुढे यायचा. करणारा आणि बघणारा एका गावात राहत होते. कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी वाजवणारी ती बाई पडद्यावर आली की लोकांना ती आपल्या गावचीच वाटायची.

भाची : ऐकायला छान आहे. पण हिशेबाच्या भाषेत याला म्हणतात, कारखानाही माझा आणि दुकानही माझं. मग बाकीच्यांचा माल मागच्या फळीवर. अमेरिकेत हॉलिवूडचे स्टुडिओ हेच करत होते. १९४८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि त्यांना आपली थिएटरं सोडावी लागली. आज एखाद्या मोठ्या निर्मात्यानं पुण्यात स्वतःचं थिएटर काढून त्यात स्वतःचेच सिनेमे लावले, तर तूच पहिला ओरडशील.

मामा : ओरडेन. पण 'प्रभात'चं आयुष्य नीट बघ. कंपनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. स्टुडिओच्या जागेत १९६०ला फिल्म इन्स्टिट्यूट आली. थिएटर मात्र दामल्यांच्या घरानं कंपनी बंद पडल्यावरही साठ वर्षं चालवलं. कारखाना नव्हता, नुसतं दुकानच राहिलं होतं, आणि त्यांनी ते मराठी सिनेमाच्या हवाली केलं. मराठी निर्माता पुण्यात आला की पहिली चौकशी 'प्रभात'च्या तारखांची करायचा. दुसरीकडे हिंदीचा मोठा सिनेमा आला की मराठीला खाली उतरवत. 'प्रभात'मध्ये मराठीला मान होता.

भाची : मान होता हे कबूल. पण करार संपल्यावर मालकानं जागा मागितली, तर त्यात चूक काय? भाडेकरूनं ऐंशी वर्षं जपलं म्हणून जागा त्याची होत नाही. ज्यांची वास्तू त्यांनी तिला आपलं नाव दिलं. वर तिथं थिएटरच चालू ठेवलं. त्या चौकात, पुस्तकांच्या बाजारात, दुसरं काही बांधलं असतं तर किती पैसे आले असते याचा हिशेब करून देऊ का?

मामा : नको. मालकांना मी दोष देतच नाहीये. उलट त्यांचे आभारच मानायला हवेत. मंडईतल्या 'आर्यन'चं काय झालं ते बघ ना. पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. १९१५ साली गंगाधरपंत पाठकांनी काढलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मूकपटाच्या काळापासून चाललेलं हे थिएटर १९८०च्या दशकात पाडलं. आज तिथं महापालिकेचं वाहनतळ आहे आणि त्याचं नाव 'आर्यन'. जवळच दुसरं आहे, 'मिनर्व्हा'. तेही थिएटरच होतं. गणपतीच्या खरेदीला येणाऱ्याला विचार, तो बिनदिक्कत सांगतो, 'गाडी आर्यनला लावलीय.' आर्यन म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नाही.

भाची : म्हणजे तिथं नाव राहिलं आणि भिंती गेल्या. इथं भिंती राहिल्या आणि नाव गेलं.

मामा : आणि तिसरा प्रकारही आहे. डेक्कनवर आधी 'हिंदविजय' होतं, त्याचं 'नटराज' झालं, आता तिथं मॉल आहे आणि मॉलमध्ये मल्टिप्लेक्स. 'मंगला'चंही मल्टिप्लेक्स झालं. तिथं सिनेमा राहिला, थिएटर गेलं.

भाची : मग तुझ्या मते नक्की काय राहायला हवं होतं? नाव, भिंती की सिनेमा? एक काहीतरी ठरव. जुन्या थिएटरांबद्दल बोलताना सगळ्यांचं असंच होतं. गळा दाटून येतो, पण काय गेलं ते कुणी सांगत नाही. आणि मला त्या आठवणींचा रागही येतो थोडा. त्या सांगणारे बहुतेक बाल्कनीत बसलेले असतात. आईला विचार. स्टॉलमध्ये मागून पाय लागायचे, अंधारात हात यायचे. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहाकडे जायची सोय नव्हती. गर्दीच्या सिनेमाला बाहेर ब्लॅकवाले उभे, तिकीट खिडकीवर चेंगराचेंगरी. बायका घोळक्यानं जायच्या. सिनेमाची हौस हे त्याचं एक कारण, एकटीनं जायची सोय नव्हती हे दुसरं. आज मी रात्री साडेदहाच्या खेळाला एकटी जाते, माझी खुर्ची ठरलेली असते, दारात उजेड असतो. तुमच्या त्या सोनेरी काळात मला हे जमलं असतं?

मामा : नसतं जमलं. यावर मला काही बोलता येणार नाही.

भाची : मग?

मामा : मग माझ्या जागेवरून जे दिसायचं ते सांगतो. मी बाल्कनीतही नव्हतो आणि स्टॉलमध्येही नव्हतो. मी केबिनमध्ये होतो. दोन मशीनं असायची. आत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्यांच्या ठिणगीचा प्रकाश पडद्यावर. कांडी जळून आखूड झाली की मधलं अंतर वाढायचं आणि चित्र पिवळं पडायचं. म्हणून एक डोळा पडद्यावर आणि एक हात चाकावर, सारखं जवळ आणत राहायचं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर. खाली बसलेल्याला सांधा कळता कामा नये. नवा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात आम्ही ठिपके बघायचो. चौथ्या आठवड्यात ठिपक्याची गरज उरायची नाही, प्रेक्षकांच्या हशावरून कळायचं. कुठल्या वाक्याला स्टॉल हसतो, कुठल्याला बाल्कनी, हे पाठ व्हायचं. दहाव्या आठवड्यात लोक वाक्य यायच्या आधीच हसायचे. तेच लोक पुन्हा आलेले असायचे, या खेपेला घरच्यांना घेऊन.

भाची : म्हणजे तुझा मुद्दा मशीनचा नाही, आठवड्यांचा आहे.

मामा : बरोबर पकडलंस. 'माहेरची साडी' १९९१चा. 'प्रभात'ला लागला आणि वर्ष उलटलं तरी उतरला नाही. पेपरात परीक्षणं काय आली होती, हे आज कुणाला आठवतही नाही. एका बाईनं पाहिला, तिनं वाड्यात सांगितलं, वाड्यातून गावी निरोप गेला, मग एसट्या भरून बायका आल्या. हे घडायला वेळ लागतो. तो वेळ थिएटरनं दिला. त्याच्याही आधी, १९३६ला 'संत तुकाराम' मुंबईत 'सेंट्रल'ला वर्षभराच्या वर चालला. मोठमोठ्या जाहिरातींनी नाही चालला. ज्यानं पाहिला त्यानं दुसऱ्याला सांगितलं.

भाची : मामा, पण त्याचं कारण तू सोयीस्करपणे गाळतोयस. तेव्हा प्रिंटी किती निघायच्या? मराठी निर्माता मोजक्या काढायचा, कारण एकेक प्रिंट महाग. पुण्यातली प्रिंट पुण्यात संपली की मग ती दुसऱ्या गावी जायची. म्हणजे पुण्याच्या पंचवीस आठवड्यांची किंमत लहान गावांनी मोजली. त्यांच्या वाट्याला ओरखडे पडलेली, तुकडे जोडलेली प्रिंट यायची, तीही महिन्यांनी. आता सिनेमा डिजिटल झाला. पुण्याला शुक्रवारी लागतो तो इंदापूरलाही शुक्रवारीच लागू शकतो, तसाच स्वच्छ. ही लोकशाही नाही?

मामा : आहे. माझी नोकरी त्यातच गेली, तरी म्हणतो, आहे. पण आता दुसरी बाजू ऐक. सिनेमा एकाच दिवशी सगळीकडे लागतो म्हणून सगळीकडून एकदमच उतरतोही. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत काय तो निकाल. सोमवारी तिकीट खिडकीवर शुकशुकाट दिसला की मंगळवारपासून त्याचा खेळ सकाळी दहाला. ज्या बाईनं वाड्यात सांगायचं, तिनं अजून पाहिलेलाच नसतो.

भाची : उलट मल्टिप्लेक्समध्ये हे टाळता येतं. एका पडद्याच्या थिएटरात सिनेमा एक तर चालू नाही तर बंद. मल्टिप्लेक्समध्ये मोठ्या हॉलमधून काढून लहान हॉलमध्ये टाकता येतो. शंभर खुर्च्यांत सहा आठवडे चालवता येतो. आणि जुन्या पद्धतीत मराठी निर्मात्याला थिएटरचं आठवड्याचं भाडं भरावं लागायचं, प्रेक्षक येवोत न येवोत. ज्याच्या खिशात दम नाही, त्याला आठवडा तरी कोण देत होतं? आता वाटा टक्क्यांनी ठरतो. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी सिनेमेच लागले नाहीत. मग ठरलं, पहिल्या आठवड्यात निर्मात्याला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरचा वाटा मोठा. टिकवण्यात थिएटरचाही फायदा आहे.

मामा : कागदावर आहे. मग टिकवत का नाहीत?

भाची : कारण पुढच्या शुक्रवारी दुसरा सिनेमा दारात उभा असतो आणि त्याचा पहिला आठवडा तुमच्या सिनेमाच्या चौथ्या आठवड्यापेक्षा जास्त पॉपकॉर्न विकतो. खरं सांगते, कमाई तिकिटापेक्षा खाण्यात बरी.

मामा : हे तू बोललीस ते बरं झालं. आमच्याकडे मध्यंतरात वडा मिळायचा. त्याच्यावर थिएटर चालत नव्हतं.

भाची : म्हणूनच चाललं नाही, मामा! आता आकड्यांवर येऊ. एक पडदा, दिवसाला चार खेळ, मोठा हॉल. मंगळवारी दुपारी मूठभर माणसं आली तरी झाडलोट तेवढीच, वीज तेवढीच, डोअरकीपर तेवढेच. खाली जमीन पेठेतली, सोन्याच्या भावाची. तिच्यावर येणारं उत्पन्न बँकेतल्या व्याजाएवढंही नाही. मालकानं किती दिवस दम धरायचा?

मामा : आणि सरकारनं कुणाला हात दिला? २००१च्या धोरणात नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करमणूक कर माफ केला. हिंदी सिनेमाच्या तिकिटावर तो कर ४५ टक्के होता. शेजारचं जुनं थिएटर तो भरत होतं आणि नव्या चकचकीत इमारतीला माफी. स्पर्धेत एकाच्या पाठीवर गोणी ठेवली आणि मग म्हणालात, हा हळू धावतो.

भाची : हे मात्र खरं. नव्यांना सूट द्यायची तर जुन्यांना दुरुस्तीसाठी तेवढीच द्यायला हवी होती. पुढे जीएसटी आला. जुलै २०१७पासून शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के, शंभरपर्यंत १८. जानेवारी २०१९ला ते १८ आणि १२ झाले. करमणूक कर गेला, त्याबरोबर मराठी सिनेमाची जुनी करमाफीही गेली. आणखी एक गोष्ट, जी तुला आवडणार नाही. थिएटर पाडून बांधकाम करायचं तर नव्या इमारतीत काही खुर्च्यांचं सिनेमागृह ठेवायचं, अशी अट आपल्याकडे आहे. हेतू चांगला. पण परिणाम असा झाला की कित्येक मालक ना थिएटर चालवतात, ना पाडतात. कुलूप लावून बसतात. संस्कृती वाचवायचा नियम केला आणि बंद दारं मिळाली.

मामा : मग काय, अट काढून टाकायची?

भाची : अट ठेवायची असेल तर त्याबरोबर पैसाही ठेवा. नुसती अट म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेली हौस. मुंबईचं ऑपेरा हाऊस १९९३ला बंद पडलं, २०१६ला पुन्हा उघडलं. कसं? मालकांना हौस होती, जाणती वास्तुरचनाकार होती आणि वर्षानुवर्षांचं काम होतं.

मामा : आणि आता तिथं मुख्यतः मैफली आणि नाटकं. देखणं आहे, वाचलं याचा आनंदच आहे. पण ज्या माणसाबद्दल मी बोलतोय तो तिथं जात नाही. मंडईतला हमाल, लक्ष्मी रोडवरच्या दुकानातला पोऱ्या, एसटीनं आलेली बाई. 'प्रभात'च्या स्टॉलमध्ये हे सगळे आणि बाल्कनीत प्रोफेसर, एकाच सिनेमाला, एकाच वेळी. सुख सारखं नव्हतं, तू म्हणालीस तसं हालही होते. पण दार एक होतं. आज त्या हमालाच्या एका दिवसाच्या मजुरीत चार माणसांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला जाऊ शकतं का, हे तूच हिशेब करून सांग.

भाची : नाही जाऊ शकत. म्हणून तो मोबाइलवर बघतो.

मामा : एकटा.

भाची : हो, एकटा. तेही मान्य. पण तुला एक विचारते, आणि यावर रागावू नकोस. शेवटच्या दहा वर्षांत 'प्रभात'ला किती वेळा गेलास? तू म्हणजे तू नव्हे, तुम्ही सगळे, हळहळणारे. थिएटर बंद होणार कळल्यावर दारात फोटो काढायला जी गर्दी झाली, तेवढी गर्दी आधीच्या वर्षांत साध्या मंगळवारी झाली असती, तर?

मामा : तरी करार संपायचा तो संपलाच असता.

भाची : 'प्रभात'चा संपला असता. बाकीच्यांचं काय? त्यांना कुठला करार आडवा आला? प्रेक्षक घरी बसले.

मामा : बसले. आणि एक योगायोग सांगतो, मला तो फार लागतो. डिसेंबर २०१४ला 'प्रभात' बंद झालं आणि एप्रिल २०१५ला सरकारनं हुकूम काढला की मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवलाच पाहिजे. त्यावर केवढा गदारोळ झाला! प्राइम टाइम म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ की दुपारी बारापासून, यावर खल झाला. जे एक थिएटर ऐंशी वर्षं कुणी न सांगता करत होतं, ते आता हुकमानं करून घ्यायचं. आणि तेही होत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी निर्माता रडतोच, 'शो मिळत नाहीत' म्हणून.

भाची : आता मला कळलं तू काय म्हणतोयस. तुला खुर्च्या नकोत, कार्बन नको, तुतारीवाली बाईही नको. तुला तो माणूस हवाय, जो सोमवारचा गल्ला बघून म्हणतो, 'राहू दे अजून एक आठवडा.'

मामा : तोच गेला. भिंती काय, आहेत.

भाची : तो माणूस कायद्यानं तयार होत नाही, पण व्यवहारानं होऊ शकतो. मी असं करीन. ज्या थिएटरच्या जागी नवी इमारत होईल, तिथल्या सक्तीच्या लहान हॉलला करात खरी सवलत द्यायची, पण एका अटीवर. लावलेला मराठी सिनेमा चार आठवडे उतरवायचा नाही, आणि दिवसातला एक खेळ संध्याकाळचा, शंभर रुपयांच्या आतला. तोटा झाला तर तो सरकारनं आणि मालकानं वाटून घ्यायचा. सिनेमाची रिळं जपायला पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यावर खर्च होतोच ना? मग रिळं जपायची आणि ती लोकांत बसून बघायची जागा मात्र वाऱ्यावर सोडायची, हे अर्धंच काम झालं.

मामा : चार आठवडे कमी आहेत.

भाची : मामा, सुरुवात तरी करू दे!

इथं या दोघांना थांबवू. भाचीचं म्हणणं खोडता येत नाही : जुनी थिएटरं गैरसोयीची होती, बायकांसाठी तर फारच, आणि ती चालवणं परवडत नव्हतं. मामांचं म्हणणंही खोडता येत नाही : त्या थिएटरांनी सिनेमाला जो वेळ दिला आणि साध्या माणसाला जे दार दिलं, ते त्यांच्यामागून आलेल्या कुणी दिलेलं नाही. वारसा जपायचा म्हणून दर्शनी भिंत ठेवून आत दुकानं थाटायची, किंवा वाहनतळाला जुन्या थिएटरचं नाव द्यायचं, यानं यातलं काहीच परत येत नाही. सक्तीच्या हॉलला सवलत आणि त्या सवलतीच्या बदल्यात सिनेमाला मुक्काम, हा भाचीचा उपाय सरकारनं एखाद्या शहरात तरी करून पाहावा.

आणि ते होईपर्यंत प्रेक्षकानं करण्यासारखं एक काम आहे, त्याला कुणाचा हुकूम लागत नाही. पुण्यात, कोल्हापुरात, सोलापुरात, नगरात एक पडद्याची थिएटरं अजून दारं उघडून बसली आहेत. अप्पा बळवंत चौकातलं ते थिएटरही, नाव कोणतंही असो, त्यांतलंच. बंद पडल्याची बातमी आल्यावर जाऊ नका. या आठवड्यात जा, शक्य तर सोमवारी किंवा मंगळवारी, कारण सिनेमा राहणार की उतरणार हे त्याच दिवशी ठरतं.